चेरीच्या झाडाखाली पुरलेलं

मंडळी, नमस्कार. चार दिवसांपूर्वी कार्यवाहांचा फोन आला, ‘‘फलकावर विषय काय लिहू?’’ मी म्हटलं, ‘‘व्हिक्टोरिया अमेलिना.’’ ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘नुसतं नाव? ‘हुतात्मा कवयित्री’ असं लिहू का?’’ नको म्हटलं. का नको, तिथूनच सुरुवात करतो.

हुतात्मा म्हणजे आहुती देणारा. फ्लोरा फाउंटनला गोळीबारात गेलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो, कारण त्यांतले बहुतेक जण मनाशी काहीतरी ठरवून मोर्चाला आले होते. अमेलिना ही युक्रेनची लेखिका. २७ जून २०२३ च्या संध्याकाळी ती पूर्व युक्रेनमधल्या क्रामातोर्स्क शहरात एका पिझ्झाच्या हॉटेलात जेवायला बसली होती. सोबत कोलंबियाहून आलेले लेखक-पत्रकार होते, त्यांना तिथली परिस्थिती दाखवायला ती गेली होती. रशियाचं क्षेपणास्त्र त्या हॉटेलवर आदळलं. १३ माणसं गेली. त्यांत १४ वर्षांच्या जुळ्या बहिणी होत्या. अमेलिनाने निप्रोच्या इस्पितळात १ जुलैला प्राण सोडला. वय ३७. युद्धाच्या मुलखात फिरणं धोक्याचं आहे हे तिला ठाऊक होतं, पण म्हणून तिने आहुती दिली असं म्हणता येत नाही. तिला मारलं. मराठीत क्रियापद आहे, ते वापरावं.

आणि ‘कवयित्री’ या शब्दाचीही गंमत आहे. जन्म ल्विवचा, १९८६ चा. आधी संगणक क्षेत्रात नोकरी, मग ती सोडून कादंबरीलेखन. तिची एक कादंबरी ल्विवमधल्या एका घरातला कुत्रा सांगतो. ऐसपैस, वळणावळणाने जाणारं गद्य तिला आवडायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने अनेक बाजूंनी आक्रमण केलं आणि ते गद्य थांबलं. उरल्या त्या तुटक ओळी. आपण कविता लिहीत नाही, असं तिने कवितेतच सांगून ठेवलंय. भाषेवरच तोफगोळा पडावा तसं झालंय, विखुरलेले तुकडे कवितेसारखे दिसतात इतकंच, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. आपल्याकडे दिवाळी अंकाच्या तोंडावर कविता पाडणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे जरा मनावर घ्यायला हरकत नाही.

तिने आणखी एक काम पत्करलं होतं. युद्धगुन्ह्यांची नोंद करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून प्रशिक्षण घेऊन ती रशियाच्या ताब्यातून मुक्त झालेल्या गावांत जायची, दारं ठोठावायची, जबान्या लिहून घ्यायची. त्या फिरतीतली तिची एक कविता आहे. गावात साक्ष द्यायला फक्त बायका आहेत. एक बाई हरवलेल्या मुलाबद्दल सांगते, दोघी तळघरातल्या छळाबद्दल, तिघी नजर चुकवून म्हणतात आम्हाला काही ठाऊक नाही. अशी संख्या दहापर्यंत चढत जाते. उपमा नाही, विशेषण जवळजवळ नाही. पंचनाम्याची भाषा आणि ओवीची चढण, असं काहीतरी कानाला लागतं.

आता शीर्षकातल्या, चेरीच्या झाडाखाली पुरलेल्या वहीकडे येतो. खरं म्हणजे वही म्हणणंही चूक, हाताने लिहिलेल्या कागदांची ती गुंडाळी होती.

पूर्व युक्रेनमधल्या इझ्यूम शहराजवळ कापितोलिव्का नावाचं गाव आहे. तिथे वोलोदिमिर वाकुलेन्को राहायचा. कवी, मुलांसाठीही लिहिणारा. त्याचा मुलगा स्वमग्न, त्याला घेऊन पळणं अवघड, म्हणून तो गावातच राहिला. रशियन सैन्य आल्यावर तो रोजनिशी लिहू लागला. मार्च २०२२ मध्ये त्याला उचलून नेलं. त्याच्या आदल्या दिवशी त्याने ते कागद घरामागच्या चेरीच्या झाडाखाली पुरले आणि वडिलांना सांगितलं, आपली माणसं परत आली की त्यांच्या हाती द्या.

सप्टेंबरमध्ये आपली माणसं आली, आणि त्यांच्या मागोमाग अमेलिना आली. वडील खणू लागले, पण नेमकी जागा सापडेना. म्हातारा माणूस, मुलाचा पत्ता नाही, आणि तो झाडाखालची माती उपसतोय. मग तिने कुदळ हाती घेतली. कागद तिच्या हाताला लागले. तिने ते खार्किवच्या साहित्य संग्रहालयाच्या स्वाधीन केले. वाकुलेन्को इझ्यूमच्या जंगलातल्या चारशेहून अधिक कबरींपैकी ३१९ क्रमांकाच्या कबरीत निघाला. नोव्हेंबरअखेर डीएनए चाचणीतून ओळख पटली.

ती एवढी का धावली, यामागे जुनी भीती होती. स्टालिनच्या काळात युक्रेनियन लेखकांची एक पिढीच्या पिढी संपवण्यात आली. १९३७ च्या शरद ऋतूत रशियातल्या सांदारमोखच्या जंगलात गोळ्या घातलेल्यांमध्ये मिकोला झेरोव्ह हा कवी होता, मिकोला कुलीश हा नाटककार होता. युक्रेनमध्ये त्या पिढीला ‘गोळ्या घातलेलं प्रबोधन’ म्हणतात. माणसांबरोबर हस्तलिखितंही गेली. पुन्हा तेच होणार, हे अमेलिना २०२२ च्या मार्चमध्येच लिहीत होती. म्हणून मला तिचं स्मरण करताना डोळे पुसणारी चित्रं आठवत नाहीत, कुदळ आठवते.

वाकुलेन्कोची रोजनिशी तिच्या प्रस्तावनेसह छापून आली. जून २०२३ मध्ये कीव्हच्या पुस्तक महोत्सवात तिने ती वाचकांसमोर ठेवली, आणि त्यानंतर काही दिवसांतच ती क्रामातोर्स्कला गेली. १ जुलै हा वाकुलेन्कोचा जन्मदिवस. तिने प्राण सोडला तो दिवसही तोच. या योगायोगाचं काय करायचं ते मला कळत नाही. काही करू नये, असंच वाटतं.

ल्विवला लिचाकिव्ह दफनभूमीत तिला पुरलं. मागे नवरा होता, लहान मुलगा होता आणि एक अर्धवट पुस्तक होतं. युद्धाची नोंद ठेवणाऱ्या बायकांवरचं हे पुस्तक तिने इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. काही प्रकरणं पुरी, काहींची नुसती टिपणं. नवऱ्याने आणि तिच्या सोबतच्या लेखक-संपादकांनी ते जुळवलं आणि २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्याला राजकीय लेखनासाठीचा ऑरवेल पुरस्कार मिळाला.

पुरस्काराचं राहू द्या. मला त्या संपादकांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. रिकाम्या जागा त्यांनी भरल्या नाहीत. वाक्य तुटलेलं असेल तर तुटलेलंच ठेवलं, टिपण असेल तर टिपणच. त्यामुळे पुस्तक वाचताना काही पानांवर आपण अडखळतो, पान उलटून पाहतो की पुढे काही आहे का. आता ती दहा बायकांची कविता मराठीत वाचतो. भाषांतर माझं आहे, कच्चं आहे. टाळ्या वाजवू नका, एवढीच विनंती.