वय झालंय, चालायचंच?

नमस्कार, श्रोतेहो.

आजोबांना हल्ली आठवत नाही, आजी चार पावलं टाकली की थकतात, वडील घरात असून नसल्यासारखे बसून असतात. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघतं, "वय झालंय, चालायचंच." शेजारी तेच म्हणतात, कधीकधी डॉक्टरही. आज मला या चालवून घेण्याविरुद्ध बोलायचं आहे, कारण त्यात माणसांचे उपचार राहून जातात.

विसराळूपणा आणि थकवा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडल्यानेही येतो, थायरॉईड बिघडल्यानेही येतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि औषध मिळतं. ज्या घरांत मांस-मासे, अंडी नाहीत आणि दूधही बेताचंच, तिथे तर बी-१२ आवर्जून तपासून घ्यावं. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो. चारचौघांत सारखं "काय म्हणालास?" विचारायची त्याला लाज वाटते. घरचे समजतात, यांना आता कशात रस उरला नाही. खरं तर कान तपासून श्रवणयंत्र लावायची गरज असते. जोडीदार गेल्यानंतर महिनोन्‌महिने न सरणारी उदासी हासुद्धा आजार असू शकतो, आणि तो सत्तरीतही बरा होतो.

वाईट याचं वाटतं, की ऐकून ऐकून म्हाताऱ्या माणसांनाही ते पटतं. "आता माझं काय राहिलंय," म्हणत ती दुखणं सांगतच नाहीत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या अहवालात सांगितलं, की जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह आहेत. म्हणजे हे घरोघरचं आहे.

आपण हे बहुतेकदा मायेपोटी करतो, हे मी जाणते. "आई, तू बस गं, मी करते." आधी विळी काढून घेतो, मग भाजी आणायची पिशवी, मग बँकेचं पासबुक. तिला वेळ लागतो, हे खरं. पण निवडून, घासाघीस करून भाजी आणताना ती चार माणसांशी बोलते, हिशोब करते, चालते. ते सगळं आपण एका दमात बंद करतो. आणि पुढे घर विकायचं ठरतं, तेव्हा तिला विचारायचंही कुणाला सुचत नाही.

काही घरांत तर मायाही नसते. पोटच्या मुलांनी सांभाळायचं नाकारलं, तर २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याची अट घालून मुलांच्या नावावर केलेलं घर, अट मोडली तर, परतही मागता येतं. कुणाशी बोलावं हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. शेजारच्या आजींसाठी तुम्ही केलात तरी चालतो.