लाइटहाउस म्हणतं १००, मग पान वाचता का येत नाही?

[कॅमेऱ्यासमोर, हातात लॅपटॉप]

हा आकडा बघा. हिरवागार गोल आणि आत १००. क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस हे वेबपानं तपासणारं टूल सांगतंय की या पानाची ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही ते वापरता येणं, चोख आहे. आता स्क्रीन बंद करतो आणि तेच पान स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकू.

[स्क्रीन रीडरचा आवाज, दहा सेकंद]

काही कळलं? मलाही नाही. आणि पान मीच बनवलंय! एका काल्पनिक वाचनालयाचं आहे. मुद्दाम बिघडवलंय, पण मशीनला पत्ता लागू नये अशा बेतानं.

आधी मशीनच्या, म्हणजे या तपासणाऱ्या टूल्सच्या, बाजूनं बोलतो, कारण मी ही टूल्स रोज वापरतो. लाइटहाउसच्या पोटात ॲक्स-कोर नावाचं ओपन सोर्स इंजिन आहे. दुसरं नावाजलेलं टूल म्हणजे वेव्ह. मोजता येईल ते ही टूल्स फार नेटकं मोजतात. डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा नियम आहे की साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं प्रमाण, हवा. पांढऱ्यावर करडा रंग घ्या, त्या रंगाचा कोड ७७७७७७. कॉन्ट्रास्ट येतो ४.४८, म्हणजे नापास. आता ७६७६७६ करा. ४.५४, पास. हा फरक तुमच्या-माझ्या डोळ्याला दिसायचा नाही. बटणाला नाव नाही, फॉर्मच्या रकान्याला लेबल नाही, हेही दोन सेकंदांत सापडतं. हे हातानं तपासत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आता माझ्या पानाकडे या.

[स्क्रीन: पानावरचा नोटिशीचा फोटो]

हा नोटिशीचा फोटो. त्यात लिहिलंय, 'वाचनालय १५ तारखेला बंद राहील'. चित्राला पर्यायी मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट हवा. मी दिलाय की! 'फोटो' एवढाच. मशीन विचारतं, मजकूर आहे का? आहे. पुढे जा. न दिसणारा सभासद १५ तारखेला कुलूपबंद दारापाशी उभा.

खाली 'सभासद व्हा' असं निळं बटण आहे. दिसतं बटणासारखं, पण आत साधा डिव्ह, म्हणजे पानाच्या कोडमधला नुसता रिकामा चौकोन आहे, त्यावर क्लिक चिकटवलंय. माउस बाजूला ठेवतो आणि कीबोर्डवरची टॅब दाबतो, म्हणजे एकेका दुव्यावर, बटणावर जाता येतं. मेनू... शोध... तळातला पत्ता. बटण आलंच नाही. हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही अशा माणसाला सभासद होताच येणार नाही. मशीनला तिथे बटण असल्याचंच माहीत नाही, मग ते तक्रार कशाची करणार?

आता खास आपली दुखणी. पानाच्या सुरुवातीला भाषा सांगावी लागते, लँग म्हणतात तिला. मी तिथे इंग्रजी लिहिलंय. मशीनची अट एवढीच की भाषेचा कोड असावा आणि खरा असावा. इंग्रजी खरीच भाषा आहे, त्यामुळे पास. पण स्क्रीन रीडर त्या शब्दावर विसंबून इंग्रजी आवाज उचलतो आणि काही आवाज देवनागरी सरळ गाळून टाकतात. हिंदी लिहिलं तर अक्षरं वाचली जातात, पण 'चाक'मधला च 'चिमणी'तल्या चसारखा ऐकू येतो. वर्डप्रेस वापरत असाल तर सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तरी कितीतरी मराठी साइट्स कागदोपत्री अजून इंग्रजीच असतात.

[स्क्रीन: परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकतो. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला]

आणि हे बघा! डोळ्याला शुद्ध मराठी, पण आत ही गिचमिड. हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची नुसती चित्रं बसवलेली. जुन्या साइटवर असा मजकूर अजून सापडतो. मघाशी ऐकलेला गोंधळ यातूनच आला. मशीननं कॉन्ट्रास्ट मोजला, शीर्षकं बघितली, सगळं हिरवं. मजकुराला अर्थ आहे का, हा प्रश्न त्याच्या यादीतच नाही.

हा माझ्या एकट्याचा खोडसाळपणा नाही बरं का. २०१७ साली ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं एका पानात मुद्दाम १४२ अडथळे पेरले आणि टूल्स त्यावर सोडली. एकाही टूलला निम्मे अडथळे सापडले नाहीत. सगळ्यांचे निकाल एकत्र केले तरी जवळपास ३० टक्के निसटलेच.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी टूल, त्यानं दाखवलेलं सगळं दुरुस्त. मग माउस काढून फक्त कीबोर्डवर पान फिरायचं. मग विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, तो फुकट आहे, किंवा अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक लावून ऐकायचं. आणि जमेल तेव्हा रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बसवायचं, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. आपण डोळे मिटून बसतो तेव्हाही पान कसं दिसतं ते आपल्याला आठवत असतं. त्याला ती सोय नाही.

[स्क्रीन: दुरुस्त केलेलं पान]

फोटोखाली पूर्ण नोटीस, बटण खरंखुरं बटण, भाषा मराठी, मजकूर युनिकोडमध्ये. ऐका आता.

[स्क्रीन रीडर: 'वाचनालय १५ तारखेला बंद राहील']

आणि लाइटहाउस पुन्हा चालवतो... १००. मघाशी होते तेवढेच. दोन्ही पानांचा कोड खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय, उघडून टॅब दाबून बघा.