गेम चालत नाही, मग बघायचं कुठे? (इंदूरच्या मराठी पालक आणि मुलांसमोर केलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

मंडळी, आज एकच गेम घेऊन बोलणार आहे. सातवीतल्या एका मुलीने केलाय, आणि इंदूरचीच असल्यामुळे वरून पडतात त्या जिलेब्या आणि खाली पोह्यांची प्लेट, ती डाव्या-उजव्या ॲरोने सरकवायची, जिलेबी झेलली की एक पॉइंट. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या शंभरेक ओळी असतील. मला म्हणाली, ताई, काल चालत होता, आज नी चल रिया (म्हणजे चालत नाहीये), आणि मी काहीच बदललेलं नाही.

मुलं खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच तसं वाटतं. आपण काहीतरी बदललंय आणि ते महत्त्वाचं नाही असं आपणच ठरवून टाकलंय, बहुतेक बग, म्हणजे कोडमधल्या चुका, तिथेच बसलेले असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की अंदाजाने कोड बदलत सुटू नका, कॉम्प्युटरला विचारा की बाबा तुझ्याकडे या क्षणाला काय आहे. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, कन्सोल उघडा, म्हणजे ब्राउझर जिथे एरर आणि आपण छापलेलं दाखवतो ती खिडकी. लाल अक्षरं दिसली तर घाबरायचं नाही, सगळ्यात वरचा एरर आधी वाचायचा, त्यात फाइलचं नाव आणि ओळ नंबर दोन्ही असतात, खालचे बरेचसे एरर त्या पहिल्यामुळेच आलेले असतात.

पण हिच्या गेममध्ये लाल काहीच नव्हतं, आणि खरा त्रास तोच असतो.

आधी स्कोअरचं सांगते. तीन जिलेब्या झेलल्या की स्कोअर ०१११ दिसायचा. तिने काय केलं होतं, स्क्रीनवर जो स्कोअर लिहिलाय तोच परत वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि पुन्हा लिहायचा. पण स्क्रीनवरून जे वाचलं जातं ते टेक्स्ट असतं, आकडा नसतो, आणि टेक्स्टमध्ये + केलं की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, शेजारी चिकटवते. गंमत म्हणजे वजाबाकी केली असती तर बरोबर आली असती, "५" - १ म्हटलं की ती मुकाट्याने ४ देते! ब्रेंडन आइकने १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, वेब पेज बनवणाऱ्या साध्या माणसाला वापरता यावी म्हणून ती भाषा फार सांभाळून घेते, आणि नवशिक्याला नेमकं तेच नडतं. उपाय सोपा, स्कोअर एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या डब्यात, आकडा म्हणूनच ठेवा, स्क्रीन हा फक्त फळा आहे, हिशोबाची वही नाही.

आता मुख्य गोष्ट. जिलेबी प्लेटच्या बरोबर मधून आरपार जात होती, पॉइंट नाही, काही नाही. मी विचारलं, काल आणि आज यात फरक काय? म्हणे काहीच नाही, फक्त थोडी फास्ट केली, स्पीड ५ होता तो ७ केला. बघा, "फक्त". तिची अट अशी होती की जिलेबीचा वाय, म्हणजे ती वरून किती खाली आली तो आकडा, === ३८०, म्हणजे नेमका ३८० झाला आणि ती प्लेटच्या रुंदीत असली तर पॉइंट. वाचायला अगदी बरोबर वाटते की नाही? मी तिला सांगितलं, अटीच्या बरोबर आधी एक कन्सोल लॉग, म्हणजे कन्सोलमध्ये छापायची ओळ, टाक आणि वाय छापत जा. आम्ही दोघी बघत बसलो. ३६४, ३७१, ३७८, ३८५. ती दोन सेकंद गप्प, मग ओरडलीच, अरे, ३८० आलंच नाही! शून्यापासून पाच-पाचने उतरलं की ३८० लागतं, सात-सातने उतरलं की कधीच लागत नाही. कोड कालही चुकीचाच होता, पाचाच्या पाढ्याने तो झाकून ठेवला होता.

मग तिने लगेच === च्या जागी >=, म्हणजे तेवढा किंवा जास्त, केलं, तर एका जिलेबीचे तीन पॉइंट मिळायला लागले, कारण ३८५, ३९२, ३९९ तिन्ही वेळा अट खरी, आणि ४०० च्या खाली गेल्यावरच जिलेबी परत वर जात होती. शिवाय जिलेबी प्लेटच्या खाली गेल्यावर प्लेट तिथे सरकवली तरी पॉइंट, ही तर चीटिंगच झाली. इथे मी उत्तर दिलं नाही, एवढंच विचारलं की झेलली म्हणजे नक्की काय झालं, मला मराठीत सांग. ती म्हणाली, आधी वर होती आणि आता खाली आली. झालं की मग! मागचा वाय लक्षात ठेवायचा, मागचा ३८० पेक्षा कमी आणि आत्ताचा ३८० किंवा जास्त, तरच पॉइंट. आता स्पीड ७ ठेवा नाहीतर १३, फरक पडत नाही. मोठ्या गेममध्ये गोळी भिंतीतून आरपार जाते तोही याच जातीचा बग, त्याला टनेलिंग म्हणतात, आणि सातवीतल्या मुलीला तो स्वतःच्या जिलेबीत सापडला याचं मला फार कौतुक वाटतं.

स्टार्ट बटणाचं पटकन सांगते, कारण हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गेममध्ये असणार. स्टार्ट दोनदा दाबलं की गेम दुप्पट वेगाने पळतो, कारण प्रत्येक क्लिकला नवीन सेटइंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा टायमर, सुरू होतो आणि जुना काही थांबत नाही. त्याने दिलेला नंबर जपून ठेवा आणि नवीन सुरू करायच्या आधी क्लिअरइंटरव्हल करून जुना थांबवा.

आता पालकांना. तुमच्यात कोणी आयटीवाले असाल तर हात जोडून विनंती, मुलाच्या हातातून माउस घेऊ नका. तुम्हाला ती === वाली ओळ अर्ध्या मिनिटात दिसेल आणि तुम्ही दुरुस्त कराल, पण ते ३७८ आणि ३८५ त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेच नाहीत तर पुढच्या वेळी मूल पुन्हा तुम्हालाच हाक मारणार. त्याला फक्त विचारा, तुला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि ते तू कुठे छापून बघितलंस? ज्यांना कोडिंग अजिबात येत नाही अशा आजीलासुद्धा हे विचारता येतं, उलट आजीच जास्त नीट विचारेल, कारण तिला उत्तर माहीत नसतं.

आणि मुलांनो, आज ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आधी चालणाऱ्या फाइलची कॉपी करून ठेवा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करा, पेज रिफ्रेश करा, बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला तरी कशामुळे चालला हे कळणार नाही. कन्सोलमध्ये काय छापलं गेलं ते वहीत उतरवा, आणि अडलात की ती वही घेऊनच माझ्याकडे या.