लेझरचा जाईब : मेनशीट मागच्या कोपऱ्यात का अडकते?

नमस्कार मंडळी. २०२३ च्या हांगझो एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरने इल्का-४ मध्ये रौप्य आणि विष्णू सरवननने इल्का-७ मध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून या चॅनलवर लेझरबद्दल, म्हणजे एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीबद्दल, प्रश्न येणं थांबलेलं नाही. आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "जाईब मारला की बोट उलटते, काय चुकतंय?"

आधी सोप्या गोष्टी भरभर. इल्का म्हणजेच लेझर. ४, ६ आणि ७ मध्ये हल (बोटीचं मूळ अंग) तोच, शीड वेगळं: अनुक्रमे ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. जाईब म्हणजे पाठीवर वारा घेऊन बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणं. डोकं खाली घाला. लाइफ जॅकेट घाला. झालं.

डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी. पूर्ण खाली असेल तर जाईबनंतर बोट त्याच्यावरच अडखळून कलंडते. पूर्ण वर असेल तर व्हँग (बूम खाली धरून ठेवणारा दोर) त्याच्या डोक्यात अडकते आणि बूम अर्ध्यावर थांबते. म्हणून किनाऱ्यावरच बोर्ड हळूहळू वर ओढा, बूम इकडून तिकडे फिरवून बघा, आणि व्हँग जिथे जेमतेम सुटते तिथे बोर्डवर टेपची खूण करा. जाईब मारताना त्या खुणेच्या वर बोर्ड न्यायचा नाही.

व्हँगवरून कमेंट्समध्ये मोठा वाद चालू आहे. "जोराचा वारा असेल तर व्हँग गच्च आवळा," असं बरेच जण लिहितात. कृपा करून तसं करू नका. व्हँग गच्च असेल तर बूम खालीच राहते, बोट जरा कलली की टोक पाण्यात घुसतं आणि मग शीड सोडायला जागाच उरत नाही. उलट फार ढिली सोडली तर शिडाचा वरचा भाग डोलकाठीच्या पुढे पिळला जातो आणि बोट वाऱ्याच्या बाजूला लोळायला लागते. मेनशीट (शीड आवळायचा-सोडायचा दोर) पूर्ण ओढून ब्लॉकला ब्लॉक (कप्पीला कप्पी) टेकवा, व्हँगमधली ढील तेवढी काढा, आणि खालच्या वाऱ्यावर (वारा पाठीवर घेऊन) जाताना तिथून थोडी सोडा. इतकंच.

आता मुख्य दुखणं. दहातले आठ व्हिडिओ तुम्ही पाठवता, त्यात बोट उलटायचं कारण एकच दिसतं: मेनशीटचा झोल ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट बाजूच्या) कोपऱ्यात अडकतो. बूम मधेच थांबते, शिडात सगळा वारा भरतो, बोट वाऱ्याकडे वळते आणि आडवी होते.

हा झोल येतो कुठून? बूम आहे साधारण पावणेतीन मीटर. ती पूर्ण बाहेर असते तेव्हा बूमचं टोक आणि ट्रॅव्हलर (बोटीच्या मागच्या टोकावर आडवा बांधलेला दोर) यांच्यात दोराचे दोन लांब पदर ताणलेले असतात. बूम मध्यरेषेवर आली की ते टोक जवळजवळ ट्रॅव्हलरच्या डोक्यावर येतं. म्हणजे एका क्षणात सहा मीटरच्या आसपास दोर रिकामा होतो. तो जाणार कुठे? बोटीच्या मागे पाण्यात. मग बूम पलीकडे सुटते, झोल वर खेचला जातो आणि वाटेत येतो ट्रान्समचा कोपरा.

म्हणून दोन गोष्टी. जाईबच्या आधी दोन हात मेनशीट आत घ्या. झोल तिथेच कमी होतो. आणि बूम हलायला लागली की एक हिसका. हा हिसका खालच्या रॅचेटमधून (बोटीच्या तळावरच्या कप्पीतून) नाही मारायचा, तिथे दोर घासतो आणि हळू येतो. बूमच्या मधल्या ब्लॉकमधून जो पदर खाली उतरतो तोच मुठीत धरा आणि हात पूर्ण लांब करून ओढा.

"सर, हिसका मारतो, तरी अडकते." हो, कारण वेळ चुकते. बूम हलायच्या आधी ओढलात तर दोरावर शिडाचा भार असतो, हातात काही येत नाही. बूम डोक्यावरून गेल्यावर ओढलात तर झोल कोपऱ्याला केव्हाच बसलेला असतो. शिडाच्या मागच्या कडेकडे बघा. ती कड आतल्या बाजूला दुमडली की पुढच्याच क्षणी बूम सुटते. कड दुमडली, हिसका. टिलरकडे (सुकाणूच्या दांड्याकडे) बघायचं नाही, कडेकडे बघायचं.

आता हेच सुकाणूच्या बाजूने बघू. टिलर जोरात ढकलून बोट गर्रकन वळवलीत, तर बूम ज्या बाजूला चालली आहे, बोटीचं ढुंगण त्याच बाजूला फेकलं जातं. म्हणजे कोपरा स्वतःहून झोलाच्या खाली जातो! हिसका कितीही चांगला असू दे. म्हणून वळण सावकाश ठेवा, आणि बूम मध्यरेषा ओलांडताच टिलर उलट घ्या, थोडासाच. बोटीचा माग इंग्रजी एससारखा दिसला पाहिजे. त्या उलट वळणाने मागचा कोपरा झोलापासून दूर जातो आणि शीड धपकन भरलं तरी हल डोलकाठीच्या खालीच राहतो.

तरीही अडकलीच तर दोर ओढत बसू नका. बोट परत खालच्या वाऱ्यावर घ्या, भार कमी होईल, मग मागे हात घालून झोल कोपऱ्यावरून उडवा.

हातांची अदलाबदल शेवटी. आधी नव्या बाजूला बसा, बोट सपाट करा, टिलर पाठीमागे धरूनच चार-पाच बोटी अंतर जाऊ द्या. मग हात बदला.

आणखी एक, "वारा पडल्यावर, बोट हळू झाली की जाईब मारावा ना?" नाही. १५ नॉट्स (समुद्रावरचं वेगाचं माप) वारा आहे आणि बोट ७ ने पळतेय, तर शिडाला वारा लागतो ८ नॉट्स. बोट ४ वर आली की तोच होतो ११. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ६४ विरुद्ध १२१, जवळजवळ दुप्पट. लाटेवरून घसरत असताना, बोट सगळ्यात जोरात असताना जाईब मारा. मुंबईत दुपारी वायव्येचा वारा धरतो तेव्हा ही लाट मिळते. खडकवासल्यासारख्या धरणात लाट नसते, तिथे झोताच्या सुरुवातीला नको; वेग आला की मारा.

सराव जमिनीवर करा. बोट ट्रॉलीवर, मागची बाजू वाऱ्याकडे, वारा पाच-सहा नॉट्स, दोघांनी हल धरून ठेवायचा. कड दुमडली, हिसका. प्रत्येक बाजूने वीस वेळा. दर वेळी मागे वळून बघा दोर कुठे पडला. वीसमध्ये एकदाही तो कोपऱ्याला शिवला नाही, तरच जोराच्या वाऱ्यात जाईब मारा. तोवर वारा वीस नॉट्सच्या वर गेला तर वाऱ्याकडे तोंड करून टॅकने फिरा.