एका उन्हाळ्याची वाईन : शव्हाल ब्लाँ १९४७

नमस्कार श्रोतेहो. आज बोर्दोची गोष्ट सांगणार आहे. फ्रान्समधलं बोर्दो. वाईनशी ज्यांचा आयुष्यात संबंध आला नाही, त्यांच्याही कानांवर हे नाव पडलेलं असतं. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना विचारा. मोरचूद आणि चुना कालवून वेलींवर फवारतात ते बोर्डो मिश्रण, ते तिथलंच. तिकडे रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे निळसर पाणी शिंपडून ठेवायचे. कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून! १८८२ च्या सुमाराला मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी पाहिलं की आतल्या वेलींची पानं डाऊनी या बुरशीच्या रोगाने झडली आहेत, आणि रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार. चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला. शेतीतले अर्धे शोध असेच लागले आहेत, असं माझं जुनं मत आहे. पण तो विषय वेगळा.

आज फवारणी नाही. आज एक बाटली. गावाचं नाव सँतेमिल्याँ, बोर्दो शहराच्या पूर्वेला. मळ्याचं नाव शॅटो शव्हाल ब्लाँ. आणि वर्ष १९४७. वर्ष लक्षात ठेवा, सगळी गंमत त्या वर्षात आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही वाईन मी चाखलेली नाही, आणि चाखीन असं वाटतही नाही. २०१० च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला ख्रिस्तीजच्या लिलावात तिची सहा लिटरची एक बाटली तीन लाख चार हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सव्वा कोटीच्या वर. त्यामुळे तुम्ही आणि मी, दोघंही ऐकणारेच. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांनाही ऐकायला हरकत नाही.

लेबलावर जे वर्ष छापलेलं असतं, ते द्राक्षं काढली ते वर्ष. बाटली भरली ते नव्हे. द्राक्षं काढली ते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आणि माल येतो तो कोरड्या हवेत, जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्दोत छाटणी एकदाच, हिवाळ्यात. द्राक्षं पिकतात सप्टेंबरात, आणि नेमका तेव्हाच अटलांटिकवरून पाऊस यायला टपलेला असतो. मेमध्ये कधी गोठलेलं दंव पडतं, फुलोऱ्यात कधी गारठा. म्हणून तिकडे एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं, आणि म्हणूनच वर्षाला किंमत.

आता चाखायचं कसं? थोडक्यात सांगतो, कारण हे सगळीकडे सांगितलं जातं. पेला तिसरा हिस्साच भरा. पांढऱ्या कापडासमोर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. कोवळी वाईन जांभळट दिसते, जुनी विटकरी. मग पेला गोल फिरवा आणि नाक आत घाला. आधी नाक, मग जीभ. बरेच लोक थेट घोट घेतात आणि मग म्हणतात, काही कळलं नाही. कळणार कसं? निम्म्याहून जास्त चव नाकाकडून येते. म्हणून पुन्हा सांगतो, आधी नाक, मग जीभ. घोट घेतलात की तोंडात थोडी हवा ओढा, आवाज करत. लहानपणी भुरका मारला म्हणून धपाटे खाल्ले असतील, इथे भुरका चालतो. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आवळल्या तर तो तुरटपणा, त्याला टॅनिन म्हणतात. जांभळात, सुपारीत, कडक चहात असतं तेच टॅनिन इथे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. घशाला ऊब लागली तर ते अल्कोहोल. आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. चांगली वाईन लगेच निरोप घेत नाही.

बियांवरून आठवलं. बी नसलेली द्राक्षं खाऊन खाऊन आपण लाडावलोय. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. चघळायला लागतं. द्राक्ष कसं, चघळायला लागलं पाहिजे. असो.

आणि ते ‘रूम टेंपरेचर’! रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं कुणीतरी सांगितलं आणि आपण ते ब्रह्मवाक्य धरून बसलो. ती खोली फ्रान्समधल्या जुन्या दगडी घरातली, सोळा ते अठरा अंशांची. मे महिन्यातल्या अकोल्यातली खोली नव्हे. आपल्याकडे रेड वाईनसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हॉटेलांत बाटल्या वरच्या फळीवर दिव्याखाली शेकत ठेवलेल्या दिसल्या की मी तिथे मुकाट्याने बिअर मागवतो.

हं, तर १९४७.

त्या ऑगस्टमध्ये आपल्या सगळ्यांचं लक्ष दिल्लीकडे होतं. तिकडे बोर्दोत लोकांचं लक्ष आभाळाकडे होतं, आणि आभाळात ढग नव्हता. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. १९४५ चं पीक उत्तम आलं होतं, पण मेमधल्या गोठलेल्या दंवाने माल थोडा निघाला. आणि आता हा उन्हाळा. जुलै तापला, ऑगस्ट तापला, सप्टेंबरात काढणी सुरू झाली तरी उकाडा हटेना. शव्हाल ब्लाँचा मळा सँतेमिल्याँच्या अगदी कडेला आहे, पलीकडे पोम्रोल सुरू होतं. जमीन खडीची आणि चिकणमातीची. निम्म्याहून जास्त वेली काबर्ने फ्राँ जातीच्या, बाकी बहुतेक मर्लो. काबर्ने फ्राँ एवढ्या प्रमाणात त्या भागात दुसरीकडे क्वचितच दिसतं. हे द्राक्ष अर्धवट पिकलं तर हिरवट, ढोबळ्या मिरचीसारखा वास मारतं. त्या वर्षी ते अर्धवट राहायची सोयच नव्हती. घड सुकून मनुक्यांच्या वाटेला लागले होते. साखर ठासून भरलेली.

तळघरात, टाक्यांत द्राक्षं पडली आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. मे महिन्यात इडलीचं पीठ रात्री ओट्यावर राहिलं तर सकाळी काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. वाईनचंही तेच. द्राक्षं आंबताना स्वतःच गरम होतात. बाहेर उकाडा, आत ही उष्णता, आणि टाकी थंड करायची यंत्रं तेव्हा तळघरांत नव्हती. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट पस्तीस अंशांच्या पुढे दमायला लागतं, चाळिसाच्या आसपास मरतं. यीस्ट मेलं की साखर तशीच उरते. उरलेल्या साखरेवर जिवाणू ताव मारतात, आणि मग व्हिनेगरचा वास यायला लागतो.

म्हणजे बघा. उकाडा, थांबलेलं आंबवण, उरलेली साखर, व्हिनेगरचा वास. वाईन बिघडण्याची सगळी लक्षणं एकाच तळघरात.

त्या वर्षी बोर्दोत टाक्यांमध्ये बर्फाच्या लाद्या सोडल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. विचार करा, वाईनच्या टाकीत बर्फ! वितळलेलं पाणी वाईनमध्येच जाणार. पण टाकी वाचवायची तर दुसरं काय हाताशी होतं? आणि आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला रेड वाईनमध्ये बर्फाचे खडे टाकून फिरणारे दिसतात, त्यांना हे सांगावंसं वाटतं, की बाबांनो, त्या लोकांचा नाइलाज होता. तुमचा काय आहे?

तर त्या वर्षी बोर्दोतल्या बऱ्याच मळ्यांच्या वाईन पुढे आंबट होऊन गेल्या. शव्हाल ब्लाँची? तिचा हिशेब मांडून बघू. अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर. त्या काळी बोर्दोत बारा, साडेबारा म्हणजे खूप. साखर पूर्ण आंबलेली नाही, लिटरमागे काही ग्रॅम शिल्लक, आणि रेड बोर्दो तर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, असावी लागते. व्हिनेगरवालं ॲसिड हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त. आज वाईन शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्यापुढे हे आकडे नुसते कागदावर ठेवा. तो म्हणेल, ओतून टाका.

ओतली नाही. पिंपांत गेली, मुरली, बाटल्यांत गेली. काही पिंपं तर तशीच बेल्जियमच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि बाटल्या तिकडे भरल्या गेल्या, तेव्हा तशी रीतच होती. आणि वर्षं उलटली तसं लोकांच्या लक्षात आलं की बोर्दोत विसाव्या शतकात जी काही थोर रेड वाईन झाली, तिच्यात ही अगदी पहिल्या ओळीत बसते. कितीतरी जाणकार पहिली म्हणतात.

कशी लागते? ज्यांनी चाखली त्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ही बोर्दो वाटतच नाही, पोर्तुगालच्या पोर्टसारखी वाटते. दाट, तेलकट, गोडसर. चॉकलेट, कॉफी, चामडं, सुकं अंजीर. आणि तो व्हिनेगरचा दोष? तो आहेच. पण फळच एवढं गच्च होतं की दोष त्यात जिरला, उलट वासाला वर उचलायच्या कामी आला. उरलेल्या साखरेने तुरटपणाची धार बोथट केली. जास्तीच्या अल्कोहोलने अंगाला भार दिला. एकेक दोष सुटा घेतला तर नापास, आणि सगळे एकत्र आले तर हे!

रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन समीक्षकाने तिला शंभरपैकी शंभर दिले. वाईनला शंभरपैकी गुण द्यायची चाल त्यानेच जगभर रुळवली. मला ती आवडत नाही. आमच्या वेळी दहावीला साठ टक्के पडले की गल्लीत पेढे वाटायचे. आता पंच्याण्णव पडले तरी पोरगं रडतं आणि आई क्लासवाल्यांशी भांडते. वाईनचंही तसंच झालंय. अठ्ठ्याऐंशी गुणांची उत्तम बाटली दुकानात धूळ खात पडते. कुणी मला गुण सांगायला लागलं की मी विचारतो, वर्ष कुठलं? त्या वर्षी पाऊस कधी पडला? वर्ष विचारा, श्रोतेहो. गुण नंतर.

आता तुम्ही म्हणाल, एकदा जमलं तर पुन्हा का करत नाहीत? फेब्रुवारी १९५६ मध्ये असा हिमकडाका पडला की सँतेमिल्याँ आणि पोम्रोलच्या असंख्य वेली मेल्या. शिवाय पुढे एमिल पेनोसारख्या संशोधकांनी बोर्दोची तळघरं शास्त्रशुद्ध केली. तापमान मोजायचं, टाक्या थंड ठेवायच्या, काढणी वेळेवर करायची. त्यामुळे वाईट वाईन कमी झाली, फार कमी झाली, आणि हे चांगलंच झालं. पण टाकी तापून बंद पडायचीही सोय राहिली नाही. १९४७ ची वाईन आज तळघरात तयार व्हायला लागली तर कुणीतरी तिसऱ्या दिवशीच बटण दाबून ती वाचवेल. गंमत म्हणजे उकाडा मात्र आता वरचेवर येतो. चौदा टक्क्यांचं बोर्दोत आज कुणाला नवल वाटत नाही.

जुन्या बाटल्यांना एवढे पैसे मिळायला लागले की नकला येणारच. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला रूडी कुर्निआवान नावाचा गृहस्थ दोषी ठरला. तो घरच्या घरी वाईन मिसळून, जुनी लेबलं चिकटवून थोर वर्षांच्या बाटल्या बनवायचा, आणि मोठमोठे शौकीन त्या कौतुकाने प्यायचे. तेव्हा कुणी तुम्हाला १९४७ स्वस्तात देऊ लागला, तर हात जोडा आणि निघा.

त्यापेक्षा घरी हे करून बघा. एकाच मळ्याची एकच वाईन, दोन वेगवेगळ्या वर्षांची. फ्रान्सचीच हवी असं नाही, नाशिकची चालेल. मित्रांमध्ये वर्गणी काढा. दोन पेले शेजारी ठेवा, बाटल्यांना कागद गुंडाळा, आणि वर्ष न सांगता द्या. आधी नाक, मग जीभ. ब्लॅककरंटचा वास येतो वगैरे म्हणायची गरज नाही, आपल्यापैकी कितीजणांनी ते खाल्लंय? करवंद म्हणा, आमसूल म्हणा, भिजलेली माती म्हणा. कुठलं वर्ष तापलं होतं, कुठलं भिजलं होतं, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. मग कागद काढा, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता यावर खुशाल भांडा.

बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. नाहीच संपली तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घाला. आमच्या घरी यावर मतभेद आहेत, पण माझं मत मी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बुचाबद्दल बोलू. नमस्कार.