राणीची उधारी

नमस्कार मंडळी, आज जुन्या फ्रान्समधल्या दुकानदारांच्या उधारीबद्दल बोलायचंय. तिकडे बेकरीवाला उधारी लिहायचा लाकडावर. काठी उभी चिरायची, एक फाळका त्याच्याकडे, एक गिऱ्हाइकाकडे, पाव नेला की दोन्ही फाळके जोडून आरपार खाच पाडायची, म्हणजे कोणी एकट्याने चोरून वाढवायची सोयच नाही. १८०४ च्या कायद्यानेही हा पुरावा मानला.

पण मोठ्या गिऱ्हाइकाचं काय? ते लक्षात ठेवा, मोठं गिऱ्हाईक. १६७३ च्या व्यापार कायद्यात पाववाल्याला, खाटकाला उधारीचा दावा सहा महिन्यांत लावायला सांगितलं होतं, इतर व्यापाऱ्यांना वर्षभरात. खोटं दिवाळं काढलं तर देहदंड! पण सरदारणीवर दावा लावला की तिच्या मैत्रिणीसुद्धा दुकान सोडणार, मग लावतंय कोण.

आता माझा आवडता किस्सा. पॅरिसमध्ये रोझ बर्तँ नावाची बाई, मूळची आबव्हीलची, १७७० मध्ये सेंट ऑनोरे रस्त्यावर दुकान काढलं, नाव ग्राँ मोगोल, म्हणजे आपला दिल्लीचा मुघल बादशहा हो! टोप्या, लेस, पिसं, झालरी. राणी मारी आंत्वानेत तिच्यावर फिदा, बाई थेट राजवाड्यात जायची, आणि मग काय, सगळ्या सरदारणी दारात. राणीला कपड्यांसाठी वर्षाला १,२०,००० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळायचे आणि १७८५ मध्ये खर्च झाला २,५८,००० च्या वर. (आमच्याकडे एकदाच घालायच्या शालूला लाखभर घालवतात आणि भाजीवालीशी पाच रुपयांवरून वाद घालतात, मला हे कधी पटलेलं नाही, असो.)

तर राणीकडून पैसे येणार उशिरा, पण रेशीमवाला, लेसवाला थांबणार नाही, त्यांचंही उधारीवरच चाललेलं, आणि हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायचा लेखी कागद, फिरत फिरत दहा हातांतून गेली की पाठीवर सही केलेला प्रत्येक जण अडकतो. १७८७ च्या जानेवारीत पॅरिसभर बोभाटा झाला, बर्तँबाईचं दिवाळं वाजलं! २०-३० लाख लीव्रचा आकडा लोक सांगत होते. काही जण म्हणाले, खोटं आहे, सरकारी तिजोरीतून थकबाकी काढायची युक्ती आहे. खरंखोटं तिलाच ठाऊक, पण दुकान चालूच राहिलं आणि राणीही गिऱ्हाईक राहिली.

पुढे क्रांती झाली, राणी गेली, कित्येक सरदारणी परदेशी पळाल्या, बाईसुद्धा काही काळ लंडनला होती. बाईने राणीला वाचवायला तिच्या हिशेबाच्या वह्या जाळल्या अशी एक गोष्ट सांगतात, पण थकबाकीचे कागद तर आजही आहेत. बाई १८१३ मध्ये पॅरिसजवळच्या एपिनेला वारली आणि तिचे वारस नंतरही त्या जुन्या घराण्यांकडे टोप्यांचे पैसे मागत फिरत होते.