पुसलेली रेघ

मंडळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं, तेव्हा इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कोल्हापुरातच असाल. आमचं घर उंचावर, अंगणात पुराचा थेंब नाही. तरी मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा होतो. उपसा केंद्रं पाण्याखाली गेलेली, दूध नाही, पंपावर पेट्रोल नाही. जाळ्यांचं शास्त्र, म्हणजे रस्ते, वीज, पाणी यांची नेटवर्कं कशी जोडलेली असतात ते शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण ते पोटात कळलं त्या रांगेत.

या शास्त्राचा उगमही नदीकाठचाच. युरोपातल्या कोनिग्सबर्गमधले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का? १७३५ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने सांगितलं, नाही. त्याने पुलांची लांबी-रुंदी सोडून दिली. जमिनीचा तुकडा म्हणजे बिंदू, पूल म्हणजे रेघ. अशी वाट सापडायची तर विषम रेघा मिळणारे बिंदू फार तर दोन चालतात. तिथे चारही तसेच निघाले.

मुलांना सर्वात जास्त रेघा असलेला बिंदू आवडतो. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावर मोठं काम केलं, ते मोलाचंच आहे. पण आपल्या मुलखात मला रेघ जास्त महत्त्वाची वाटते. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथे पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळा-रत्नागिरीकडची वाट बंद होते. रस्ता एकच, पण किती गावांचं जाणं-येणं त्याच्यावर! जवळच्यात जवळच्या किती वाटा एखाद्या बिंदूतून जातात, हे मोजायची रीत फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली. रेघांनाही ती लावता येते.

आणि जाळं कधी एकटं नसतं. ३० जुलै २०१२ ला बीना-ग्वाल्हेर वीजवाहिनी बंद पडली, तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला, त्याही बंद पडत गेल्या आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येकडची ग्रिडही कोसळली. पाण्याच्या पंपाला वीज लागते, मोबाईल टॉवरच्या जनरेटरला डिझेल, आणि डिझेलचा टँकर येतो हायवेवरून.

म्हणून वर्गात मी तीन ट्रेसिंग पेपर देतो: रस्ते, वीज, पाणी. एकावर एक ठेवून टाचणीने टोचायचे, मग खोडरबराने रस्त्याची एकच रेघ पुसायची आणि खालच्या दोन कागदांवर काय काय बंद पडतं ते लिहायचं. गेल्या वर्षी पूरपट्ट्यातल्या एका मुलीच्या कागदावर शिरोलीची रेघ पुसल्यावरही गावाकडे जाणारी एक तुटक रेघ उरली होती. विचारलं तर म्हणाली, "सर, ही बोट. आजीला हिच्यातनंच बाहेर काढलं."

मी काढलेल्या नकाशात ती नव्हती. त्या दिवसापासून मी चौथा कागद देतो.